अलोहा शर्टवाला सिग झेन: प्रोजेक्टसाठी घेऊ का?

रंगारी_पोर: टेक्सटाइल डिझाइनला आहे, एका डिझायनरच्या करिअरवर प्रोजेक्ट द्यायचाय. वर्गातल्या सगळ्यांनी पॅरिस नाहीतर मिलान पकडलंय म्हणून मी हवाईचा सिग झेन घेतला, तर सर म्हणतात अलोहा शर्ट, म्हणजे फुलापानांचे छाप असलेला हवाईयन शर्ट, हा टुरिस्टांचा माल, त्यात कसलं डिझाइन. काय उत्तर देऊ?

पानफूल: टुरिस्टांचा माल वायकिकीत, म्हणजे होनोलुलूच्या टुरिस्ट किनाऱ्यावर मिळतो रे, झेनचं दुकान हिलो गावात आहे, हवाईच्या बिग आयलंड बेटावर, 1985 पासून. त्याची बायको नलानी कानाकाओले हुलाची, म्हणजे हवाईच्या पारंपरिक नाचाची, मोठी गुरू होती, घरातच ती परंपरा, आणि तिच्यासाठी कापड छापता छापता याचा धंदा उभा राहिला. त्याची चित्रं म्हणजे नुसती फुलं-पानं नाहीत. ओहिआ लेहुआ घे, लाव्हा थंड झाला की त्या खडकावर सगळ्यात आधी जी झाडं येतात त्यातलं हे, पेले या ज्वालामुखीच्या देवीचं मानतात आणि हुलाच्या हारांत वापरतात. किंवा कालो, म्हणजे अळूच, हवाईयन लोक त्याला आपला थोरला भाऊ मानतात. आता असं पान शर्टावर काढायचं तर ते काय आहे हे माहीत नको? टुरिस्ट मालात पोपट, नारळ, सूर्यास्त सगळं एकाच शर्टावर कोंबलेलं असतं, याच्याकडे बऱ्याचदा एकच झाड, दोनच रंग, आणि रिकामी जागासुद्धा डिझाइनचा भाग. डिझाइन हाताने छपाईच्या फिल्मवर ब्लेडने कापायचा, त्यामुळे कडा कशा धारदार येतात बघ.

जुनाशर्ट: पण शाहीनला विसरू नका राव!! अल्फ्रेड शाहीन, शिकलेला एरोनॉटिकल इंजिनिअर, महायुद्धात पायलट, आणि 1948 ला होनोलुलूत कपड्यांचा धंदा काढला. छापील कापड बाहेरून मागवत बसण्यापेक्षा छपाईच स्वतःची उभारली. गायक एल्विस प्रेस्लीच्या 1961 च्या ‘ब्लू हवाई’ अल्बमच्या कव्हरवरचा लाल शर्ट त्याच्याकडचाच. माझ्या मते खरं करिअर ते, झेन छान आहे पण छोटा.

पानफूल: @जुनाशर्ट शाहीन कारखानदार म्हणून भारीच, त्यात वाद नाही, पण त्याने चित्रकार पगारावर ठेवले होते. प्रश्न आर्टिस्टचा आहे ना. आणि छोटा कसा? 2017 ला हवाईयन एअरलाइन्सचे नवे युनिफॉर्म आले ते झेन आणि त्याच्या मुलाने केलेले, त्यात लेहुआ आणि ओहे कापाला, म्हणजे बांबूवर कोरलेले पारंपरिक ठसे. हिलो न सोडता.

रंगारी_पोर: मस्त, मग दोघांना समोरासमोर ठेवतो, एकाने छपाईचा कारखाना काढला आणि दुसऱ्याने झाड ओळखून चित्र काढलं. सरांना शर्ट दाखवायचा तर नेमकं काय दाखवू?

जुनाशर्ट: खिसा दाखव. चांगल्या शर्टात खिशावरचं पान मागच्या कापडावरच्या पानाला बरोब्बर जुळतं, खिसा आहे हे दुरून कळतच नाही. घाईत शिवलेल्या मालात पान अर्ध्यात तुटतं. त्यासाठी कापड जास्त जातं आणि कापणाऱ्याचा वेळही जातो, म्हणून स्वस्तवाले त्या भानगडीत पडत नाहीत. आणि हो, शाहीनचे जुने शर्ट आता कलेक्टर लोक शोधत फिरतात, हे पण सरांना ऐकव.

पानफूल: झेनचा सेक्शन मोठा ठेव पण 😄