दुर्बिणीवर सारखं धुकं धरतंय, काय चुकतंय?

ओटी_खानापूर
लॅप गॉलब्लॅडर (दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ऑपरेशन), १० मिमीची ३० अंशाची दुर्बीण. आत घातली की अर्ध्या मिनिटात पडदा पांढरा. सायडेक्समधून (निर्जंतुक करायच्या द्रावणातून) काढून गरम सलाईनच्या वाटीत बुडवतो, बेटाडिनही लावतो. पुसून घातली की परत तेच. काय करायचं सांगा की ओ.

निपाणी_सर्जन
ओटीत एसी २०-२२ वर, पोटात ३७ अंश आणि पूर्ण दमट. थंड काचेवर वाफ धरणारच. वाटीतलं सलाईन थोड्याच वेळात कोमट होतं, तिथंच घोळ आहे. निर्जंतुक केलेला उभा थर्मास घ्या, त्यात ५०-५५ अंशाचं निर्जंतुक पाणी, तळाला गॉजची घडी. नाहीतर टोक आपटून काच जाते. नुसतं टोक नको, चांगली चार बोटं नळी बुडू दे, एक-दोन मिनिटं. कोरडी पुसायची आणि लगेच आत. सलाईन नको, वाळलं की काचेवर मीठ धरतं.
आणि पोट फुगवायच्या गॅसची नळी कॅमेऱ्याच्याच पोर्टला (पोटाच्या छिद्रात बसवलेल्या नळीला) आहे का? असेल तर बाकीचे पोर्ट झाले की एपिगॅस्ट्रिकला (पोटाच्या वरच्या मधल्या भागातल्या पोर्टला) हलवा. थंड कोरडा गॅस थेट भिंगावर येतो.

सिस्टर_बेळगाव
सर, निम्म्या वेळा ते धुकं नसतंच, कॅन्युलातलं (पोर्टच्या नळीतलं) रक्त असतं. स्वच्छ पुसलेली दुर्बीण त्यातूनच जाते. ग्रास्परवर (लांब चिमट्यावर) गॉजची लांब पट्टी गुंडाळून कॅन्युला आतून पुसा, पट्टीचं एक टोक बाहेर हातात राहू दे. शेवटच्या मोजणीत गॉज कमी भरला, पोटात राहिला की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे!
सायडेक्स निर्जंतुक पाण्यानं नीट धुतलं नाही तर चिकट थर राहतो, त्यावर बेटाडिन लावून उपयोग नाही. कॉटरी (विजेनं जाळून रक्त थांबवणं) चालू असताना दुर्बीण मागं घ्या, धूर सक्शननं ओढा. बाहेर काढली की लाईट स्टँडबायला. टोक तापलेलं असतं, रक्त काचेवर भाजून बसतं आणि ड्रेपही (पेशंटवरचं कापड) जळतो.

ओटी_खानापूर
एक डाग मात्र कितीही पुसला तरी जात नाही, सिस्टर.

बायोमेड_चिक्कोडी
कॅमेरा हेड स्थिर धरा आणि लाईट केबल धरून दुर्बीण फिरवा. डाग सोबत फिरला तर दुर्बिणीवर, जागेवर राहिला तर कॅमेऱ्यावर. जागेवर राहिला तर बहुतेक आयपीस (दुर्बिणीची डोळ्याकडची काच) आणि कपलरच्या (कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या भागाच्या) मधे ओल असते. दोन्ही काचा सुटे धागे न सोडणाऱ्या कापडानं कोरड्या करा, वाळलेला डाग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं काढा.
फिरणारा डाग पुसून जात नसेल तर कॅमेरा काढून आयपीसमधून ट्यूबलाईटकडं बघा. दिसणारा उजेडाचा गोल धुरकट असला तर सील गेलंय, पाणी आत शिरलंय. तापवून ते जात नाही, दुरुस्तीलाच पाठवावी लागते. ऑटोक्लेव्हमधून (वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रातून) काढलेली गरम दुर्बीण गार पाण्यात बुडवली की हे होतं: काच आणि धातू वेगवेगळे आकसतात, जोड उकलतो. तशीच हवेत गार होऊ द्या. आणि दांड्यावर ऑटोक्लेव्ह चालतं असं कोरलेलं नसेल तर त्यात घालूच नका.