रिजेक्शनचे, म्हणजे बाद मालाचे, पैसे कामगाराच्या पगारातून कापावेत का?

धागाकर्ता
भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. चार सीएनसी, दोन व्हीएमसी अशी संगणकावर चालणारी सहा मशीन, चौदा माणसं. गेल्या मंगळवारी रात्रपाळीत 46 हाऊसिंग, म्हणजे धातूचे पोकळ सुटे भाग, बाद झाली. ऑपरेटरने इन्सर्ट (कापणारं पातं) बदलला, ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, टाकताना वजाऐवजी अधिक पडलं आणि बोअर (आतलं भोक) 6 शतांश मिलिमीटर मोठं झालं. लहान राहिलं असतं तर पुन्हा कापून घेतलं असतं, मोठं बोअर सरळ भंगारात. ज्या पार्टीचं काम होतं तिने नगाला 620 प्रमाणे 28,520 रुपयांची डेबिट नोट, म्हणजे बिलातून वजा करण्याची चिठ्ठी, पाठवली. ऑपरेटरचा पगार 24,000.

मेव्हणा माझा भागीदार आहे. तो म्हणतो, दरमहा 5,000 कापू. माझं मन घेत नाही. गुरुवारच्या सुट्टीत मी एकटा जाऊन त्या मशीनपाशी उभा राहिलो. बोअर मापात आहे का ते लगेच सांगणारं गो-नोगो गेज इन्स्पेक्टरच्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि इन्स्पेक्टर फक्त दिवसपाळीला! पोराच्या हातात रात्री उरतो तो व्हर्निअर, साधी मोजपट्टी. बोअरमधले 6 शतांश व्हर्निअरवर कोण छातीठोकपणे सांगेल? शिवाय दुसरा ऑपरेटर आला नाही म्हणून त्याला डबल मारायला, म्हणजे सलग दोन पाळ्या करायला, मीच सांगितलं होतं.

चाकणहून
दादा, मला पटत नाही. 46 नग होईपर्यंत त्याला काहीच कसं जाणवलं नाही? इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग तपासायचा हे ट्रेनी पोरालाही ठाऊक असतं. गेज कुलुपात होतं, तर मशीन थांबवून फोन करायचा. मी एकदा असंच सोडून दिलं आणि त्याच महिन्यात आणखी तीनदा माल बाद झाला. सगळं नका कापू, पण काहीतरी कापाच. खिशाला चटका बसल्याशिवाय माणूस जागा होत नाही.

पगारपत्रकं बघणारी
कापण्याआधी कायदा बघा. पगार देण्याबद्दलच्या 1936 च्या कायद्याच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता आली आहे. नुकसानीची कपात होते ती कामगाराच्या ताब्यात सोपवलेल्या मालाची, आणि तीही नुकसान थेट त्याच्या हलगर्जीमुळे झालं असेल तरच. आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही. दंड लावायचा तर 3 टक्क्यांची मर्यादा, म्हणजे तुमच्याकडे 720 रुपये. मेव्हण्यांचे महिन्याला 5,000 कोणत्या खात्यात बसवणार? गेज कुलुपात होतं असं त्याने लेखी दिलं, तर हलगर्जी नेमकी कुणाची ठरेल? आणि डबल मारली ना, मग त्या जादा तासांचे पैसे दुपटीने दिलेत का?

आधी ऑपरेटर होतो
मी अकरा वर्षं मशीन चालवली. एका ठिकाणी नगामागे पैसे कापायचे. मग आम्ही काय करायचो? बाद नग चिप्सच्या ड्रममध्ये तळाशी घालायचो, वरून कुलंटमधला चुरा. सकाळी मोजदाद बरोबर यायला एखाद-दुसरा काठावरचा नग चांगल्या मालात सरकवायचा. असाच एक लॉट पुढे गिऱ्हाइकाच्या लाइनवर पकडला गेला आणि मालकाचं ते कामच गेलं. तुमच्या पोराने 46 च्या 46 नग बाद मालाच्या लाल ट्रेमध्ये उघड ठेवले. त्याची किंमत 28,520 पेक्षा जास्त आहे, साहेब.

चाकणहून
लपवणारा कापलं नाही तरी लपवतो. बाकी ताईंचं कायद्याचं मान्य, पगाराला हात लावू नका. पण लेखी समज द्या आणि या महिन्याचा प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह थांबवा. ज्या पोराचं वर्षभरात एकही रिजेक्शन नाही, त्यालाही तेवढाच इन्सेंटिव्ह मिळाला तर तो काय समजेल? तो बोलणार नाही, पण गणपतीत गावी गेला की परत येणार नाही.

धागाकर्ता
हा शेवटचा मुद्दा मला खरंच लागला, त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. इन्सेंटिव्ह थांबवतो आहे आणि समजही लेखी देतो आहे. पण त्याच कागदावर गेज उपलब्ध नव्हतं हेही लिहिलं आणि खाली माझी सही केली. ओव्हरटाइम मी साध्या दराने लावला होता, तो दुपटीने करून घेतला. नोगो गेज आता साखळीने मशीनला बांधलंय. मेव्हणा दोन दिवस बोलत नाहीये. 7 तारखेला पगार पूर्ण जाईल.