द्राक्षाचा ग्रुप मरत चाललाय, जगवायचा कसा?

पिंपळगावचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. २०१९ साली आमच्या शिवारातल्या आठ-दहा बागायतदारांनी द्राक्षासाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. तेव्हा २५६ ची मर्यादा होती, ती भरली म्हणून दुसरा काढला. २०२२ ला मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ झाली, तेव्हा मी हौसेनं सगळ्यांना एकाच ग्रुपमध्ये घेतलं. आज ७४० माणसं आहेत आणि ग्रुप मेलाय. मेसेज येतात हो, पहाटे पाचपासून गुलाबाची फुलं येतात. पण गेल्या ऑक्टोबरात एकानं डावणीचा (पानावरच्या बुरशीच्या रोगाचा) फोटो टाकून विचारलं, तर सात अंगठे आले आणि एका दुकानदारानं आपल्या औषधाचा दर टाकला. उत्तर एकही नाही. ज्यांच्यासाठी लोक आले ती जाणती माणसं नुसती वाचतात, फार तर मला वेगळा फोन करतात. 'फक्त ॲडमिन' करून बघितलं, महिनाभर स्मशानशांतता. काढून टाकावं तर सगळे नात्यातले. सगळ्यात जास्त गुलाब माझा मामाच टाकतो. काय करू?

दोन_एकर_सोनाका:
टेलिग्रामवर जा. इथं काही होणार नाही.

पिंपळगावचा_पोरगा:
दादा, आमच्या अण्णांना व्हॉट्सॲप शिकवायला दोन वर्षं गेली.

सावळजचे_तात्या:
पोरा, दुखणं ओळखीचं आहे. आमचा तासगाव पट्ट्यातला ग्रुप २०१७ पासून चालू आहे, मधे दोनदा मेला होता. आता तीनशेच्या आत ठेवलाय.

उत्तर का आलं नाही ते इथं बसून सांगतो. त्या गड्यानं पानाचा वरून फोटो काढला असणार, पिवळा डाग, आणि खाली लिहिलं असणार 'काय मारू?' वरच्या डागावरून कुठला जाणता छातीठोक सांगेल? पान उलटलं, खाली पांढरी बुरशी दिसली, तर डावणी. छाटणीनंतरचा कितवा दिवस आहे, पाऊस किती झाला, आधी काय मारलं, यातलं काहीच नाही. मग जाणत्यानं पाच प्रश्न उलट विचारायचे आणि हा गडी जेवायला गेलेला. असं दोनदा झालं की माणूस गप्प बसतो. त्याचा राग नसतो, कंटाळा असतो. आमच्याकडे ठरलंय: वाण, छाटणीची तारीख, कितवा दिवस, पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो, मागच्या दोन फवारण्या. यातलं काही राहिलं तर ॲडमिन दोनच शब्द लिहितो, 'पान उलटा'. आता लग्नात भेटली तरी पोरं 'काय तात्या, पान उलटा' म्हणून चेष्टा करतात.

पण ग्रुप जगला तो दुसऱ्याच गोष्टीनं. ज्यानं विचारलं त्यानं आठ दिवसांनी त्याच फोटोखाली कळवायचं, काय मारलं आणि काय झालं. सांगणाऱ्यालाही कळायला नको का, आपलं बरोबर आलं की हुकलं? एकदा एकाचे घड जिरत होते, म्हणजे फुलायच्या आधीच वाळून नाहीसे होत होते, मी सगळा दोष ढगाळ हवेवर टाकला. निघाली मुळी, पाणी साचून काळी पडलेली. मी सगळ्यांसमोर लिहिलं, 'माझं चुकलं, मुळी उकरून बघायला सांगायला हवं होतं.' त्यानंतर आमचे म्हातारे लिहायला लागले, तोवर त्यांना चुकायची लाज वाटत होती. टाइप येत नाही ते आवाज पाठवतात, आणि माझी नात चार मिनिटांचं बोलणं दोन ओळींत लिहून खाली टाकते.

यासाठी मी वही ठेवलीय, शंभर पानी. तारीख, कुणाचा प्रश्न, शेवट काय. शेवटाचा रकाना मोकळा दिसला की रात्री जेवणानंतर त्याला फोन. पंधरा-वीस मिनिटं जातात. हे काम कुणाला नको असतं, म्हणून ग्रुप मरतात.

एक अडचण मात्र महागात पडली. एकानं लिहिलं 'दोनशे मिली टाका'. त्याच्या डोक्यात २०० लिटरची टाकी होती, वाचणाऱ्या पोरानं ते पाठीवरच्या १६ लिटरच्या पंपात ओतलं. दोन ओळी करपल्या. पोराचा बाप महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता. आता पाण्याचं माप न लिहिता मात्रा लिहिली की मेसेज उडवतो. निर्यातीचा माल असेल तर काढणीआधी किती दिवस ते औषध बंद पाहिजे हेही लिहायचं. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपात कंटेनर अडकले, ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचार.

दुकानदाराला हाकलू नको, त्याला बरंच ठाऊक असतं. घटकाचं नाव लिहू दे, कंपनी आणि दर नाही. आणि रात्री ग्रुपला कुलूप लावायची हौस करू नको. परतीचा पाऊस रात्री दोनला येतो, पहाटे फवारणीचा ब्लोअर काढायचा की नाही हे माणूस तेव्हाच विचारतो.

सांगोल्याची_डाळिंबवाली:
तात्यांचं पटलं, पण ७४० असो की ३००, बायका त्यात लिहीत नाहीत. मी एका मोठ्या ग्रुपात डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल विचारलं होतं. ग्रुपात उत्तर एक आलं, आणि खासगीत तीन अनोळखी नंबरांवरून 'गुड मॉर्निंग मॅडम'. पुढं मी नवऱ्याच्या नंबरवरून विचारायला लागले. आता आम्ही बेचाळीस जणी वेगळ्या आहोत, सगळ्यांचा हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरात धरलेला), त्यामुळे दिवसही जुळतात. पोरा, नियमात पहिली ओळ ही टाक: ग्रुपातून नंबर उचलून परवानगीशिवाय मेसेज केला की बाहेर. मग तो मामा असो.

दोन_एकर_सोनाका:
निवडणुकीच्या वेळी कुणी वाकडंतिकडं टाकलं तर पोलीस ॲडमिनलाच धरतात ना? त्यापेक्षा ग्रुप नको.

निफाड_ते_नागपूर:
सरसकट तसं नाही. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलंय की सदस्यानं आक्षेपार्ह टाकलं म्हणून केवळ ॲडमिन आहे या कारणानं त्याला दोषी धरता येत नाही, त्याचा त्यात समान हेतू किंवा आधी ठरवून सहभाग दिसला पाहिजे. तरी दिसलं की उडवा. २०२२ पासून ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी उडवता येतो.

पिंपळगावचा_पोरगा:
तात्या, वही आणली. ताई, तुमची ओळ वर टाकली. पण मामाचं कुणीच सांगितलं नाही.

सावळजचे_तात्या:
त्याला वेगळा ग्रुप काढून दे, 'शुभ सकाळ द्राक्ष परिवार', आणि ॲडमिन त्यालाच कर. आमच्याकडच्या तसल्या ग्रुपात २१० जण आहेत. माझी बायकोही तिथंच असते.