टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) मुलांना चौथ्या वर्षाबद्दल काय सांगायचं? विद्यापीठ काहीच ठरवत नाही (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या अनुदानित कला-वाणिज्य महाविद्यालयात भूगोल शिकवतो. विद्यापीठाचं नाव मुद्दाम देत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाखाली २०२४-२५ ला एफवायला आलेली आमची बॅच आता टीवायला आहे. १३२ क्रेडिट झाली की बीए घेऊन बाहेर पडा, नाहीतर चौथं वर्ष करून १७६ क्रेडिटची ऑनर्स घ्या, असे दोन रस्ते कागदावर आहेत. पण आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयात चौथं वर्ष निघणार का, हे विद्यापीठ सांगायला तयार नाही. विचारलं की परिपत्रक येतं. तिरकं स्कॅन केलेलं, वर ‘सुधारित’, आणि शेवटची ओळ ठरलेली: ‘शासनाचे पुढील निर्देश प्राप्त होताच स्वतंत्रपणे कळविण्यात येईल.’ मायनरच्या (दुय्यम विषयाच्या) वेळी हेच झालं होतं. तास सुरू झाल्यावर सुधारित रचना आली आणि अख्खं वेळापत्रक पुन्हा मांडावं लागलं.

विद्यापीठाची अडचण कळते. वरून शासन निर्णय बदलला की अभ्यास मंडळ, मग विद्यापरिषद, मग आम्ही. वेळ लागणारच. पण ‘अजून ठरलं नाही, अमुक महिन्यात ठरवू’ एवढं तरी लेखी द्यायला काय हरकत आहे?

बरं, धाकधूक उगाच नाही. दिल्ली विद्यापीठानं २०१३ ला चार वर्षांची पदवी आणली आणि यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) डोळे वटारल्यावर पुढच्याच वर्षी गुंडाळली. २०२२ ला परत सुरू केली. कर्नाटकानं २०२१-२२ लाच धोरण लागू केलं, मग सरकार बदललं आणि २०२४-२५ पासून नव्या प्रवेशांना पुन्हा तीन वर्षांची पदवी. (तशी शिफारस करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष यूजीसीचे माजी अध्यक्ष, आपले सुखदेव थोरात.) आपल्याकडे तसंच होईल असं म्हणत नाही. पण मधल्या बॅचचं काय होतं, हा प्रश्न राहतोच.

परवा एका मुलीचे वडील आले. गावात दूध संकलन केंद्र चालवतात. म्हणाले, “सर, चौथं वर्ष केलं तर एमए एकच वर्षाचं ना? म्हणजे तसंही पाच, असंही पाच. मग एक वर्ष तरी पोरगी घरून ये-जा करू दे. शहरात खोलीचं भाडं वाचंल.” हिशेब बिनतोड आहे. मी चहा मागवला, दुसरं काय करणार!

जाणकारांनी कृपया सांगावं:

आमच्याकडे एमए नाही. अशा ठिकाणी चौथ्या वर्षासाठी विद्यापीठ कायद्याच्या कलम १०९ खाली (नवीन अभ्यासक्रमाच्या परवानगीसाठी) नव्यानं प्रस्ताव टाकायला सांगतात का? कोणाच्या विद्यापीठानं तसं लेखी कळवलंय का?

वर्कलोड कोणाच्या नावावर धरायचा? रिक्त पदं तासिका तत्त्वावरच्या लोकांवर चालली आहेत, त्यांचं मानधनही वेळेवर निघत नाही.

महाडीबीटीवर (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) चौथ्या वर्षाची शिष्यवृत्ती दिसते का? आमच्या निम्म्या मुलांचा निर्णय यावरच होईल.

संशोधनासह ऑनर्सचं सध्या सोडा. त्याला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आमच्याकडे तशी मुलं मोजकीच.

प्रतिसाद:
सर, आम्ही स्वायत्त, त्यामुळे एक वर्ष पुढे आहोत. एमए असलेल्या विषयांतच ऑनर्स उघडलं; एमए भाग एक आणि चौथं वर्ष एकाच पातळीचं धरलेलं असल्यानं बरेच तास एकत्र घेता आले. एमए नसताना उडी मारू नका. प्राचार्यांच्या सहीनं कुलसचिवांना पत्र द्या, आवक क्रमांक घ्या आणि तोच प्रश्न विद्यापरिषदेतल्या एखाद्या सदस्याकरवी बैठकीत मांडा. इतिवृत्तात आला की विद्यापीठाला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. आणि मुलांना टीवायलाच एमएच्या प्रवेशाचे अर्ज भरून ठेवायला सांगा.

धागाकर्ता:
आभारी आहे. पत्र उद्याच टाकतो. शिष्यवृत्तीचं मात्र राहिलं. तुमच्या ऑफिसमध्ये महाडीबीटी बघणाऱ्या क्लार्कना विचारून सांगाल का?