शुभेच्छापत्रांच्या ठशांच्या पार्श्वभूमीत रंग मातकट का होतात?

रेघोटी (प्रश्न)

हाताने शुभेच्छापत्रे करताना पार्श्वभूमीसाठी मी पाने, ठिपके आणि भौमितिक नक्षी यांचे ठसे वेगवेगळ्या रंगांच्या शाईत उमटवते. प्रत्येक ठसा स्वतंत्रपणे स्वच्छ उमटतो, परंतु तीन-चार रंग एकमेकांवर आले की त्या जागी मातकट तपकिरी छटा तयार होते आणि त्यावर छापलेला शुभेच्छांचा मजकूर नक्षीत हरवून जातो. पारदर्शक एम्बॉसिंग पावडरने (ओल्या शाईला चिकटणारी आणि उष्णतेने वितळून उठाव देणारी पूड) नक्षी पांढरी राखण्याची पद्धतही मी वापरते, पण तिथे नक्षीच्या बाहेर पावडरीचे कण चिकटून राहतात. कागद साधारण २०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा), गुळगुळीत आहे आणि शाईवर पाणी फिरवले की तो वाकतो. रंगांची निवड आणि त्यांचा क्रम कसा ठरवावा, तसेच कोणत्या कामाला कोणती शाई घ्यावी, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

शाईदौत

मातकटपणाचे मूळ शाईच्या पारदर्शकतेत आहे. बहुतेक पॅडमध्ये डाय इंक, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई असते. ती कागदात मुरते, लवकर वाळते आणि खालचा रंग झाकत नाही, त्यामुळे दोन ठसे जिथे एकमेकांवर येतात तिथे तिसरा रंग दिसणारच. तो तिसरा रंग सुंदर असेल की मळकट, हे रंगचक्रावरील (रंग वर्तुळात मांडलेल्या तक्त्यावरील) अंतर ठरवते. पिवळा, हिरवा आणि निळा किंवा पिवळा, नारिंगी आणि गुलाबी असे शेजारचे रंग एकमेकांत मिसळले तरी प्रसन्नच राहतात. याउलट लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा या समोरासमोरच्या जोड्या एकमेकांवर आल्या की तपकिरी किंवा राखाडी छटा अटळ असते. म्हणून एका पार्श्वभूमीला शेजारचे तीन रंग पुरे, आणि समोरचा एखादा रंग हवाच असेल तर तो अगदी थोडा, कोऱ्या राहिलेल्या जागेत वापरावा. चार-पाच पॅड उघडून समोर ठेवले की ते सगळेच वापरण्याचा मोह होतो, तेव्हा नको असलेले आधीच बंद करून ठेवलेले बरे.

क्रम नेहमी फिक्याकडून गडदाकडे असावा. याचे एक कारण दिसण्याचे आहे आणि दुसरे पॅडच्या आयुष्याचे: कागदावरच्या ओल्या गडद शाईला टेकलेला ठसा पुन्हा पिवळ्या पॅडवर दाबला, तर तो पॅड कायमचा डागाळतो. प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्यावा, कारण ओल्या शाया नुसत्या एकमेकींवर बसत नाहीत, त्या एकमेकींत विरघळतात आणि नक्षीची कडही पुसट होते.

पिगमेंट इंक, म्हणजे बारीक रंगकणांची शाई, कागदाच्या पृष्ठभागावर राहते. ती दाट आणि बरीचशी अपारदर्शक असते आणि प्रकाशात तुलनेने उशिरा फिकी पडते, पण वाळायला वेळ घेते. चकचकीत लेपाच्या कागदावर तर ती उष्णता दिल्याशिवाय नीट वाळतच नाही. त्यामुळे खालचे मऊ थर डाय इंकचे आणि सर्वांत वरची ठसठशीत आकृती पिगमेंट इंकची, अशी विभागणी सोयीची पडते. ठशाच्या रेषेत नंतर पाण्याने रंग भरायचे असतील तर मात्र रेषेसाठी पाण्यात न विरघळणारी शाईच हवी.

मजकूर हरवण्याचा प्रश्न मला रंगापेक्षा उजळपणाचा वाटतो. फोनवर पार्श्वभूमीचे छायाचित्र काढून ते कृष्णधवल करून पाहा. सगळा कागद एकाच मध्यम राखाडी छटेचा दिसला, तर त्यावर काळी अक्षरेही उठत नाहीत आणि पांढरीही उठत नाहीत, मग रंग कितीही मोहक असोत. पार्श्वभूमी एकतर स्पष्टपणे फिकी असावी किंवा स्पष्टपणे गडद असावी.

खडीकाम

एम्बॉसिंगबद्दल लिहितो. पावडर नको तिथे चिकटण्याची नेहमीची कारणे दोन: कागदातील ओलावा आणि स्थिर विद्युत. आधीच्या शाईचा थर वरून कोरडा भासला तरी आत ओलसर असू शकतो आणि पावडर त्यावर लगेच बसते. म्हणून ठसा उमटवण्यापूर्वी कागद हीट गनने (गरम हवा सोडणाऱ्या उपकरणाने) हलकेच शेकून घ्यावा, तो थंड होऊ द्यावा आणि मग त्यावरून टाल्कम किंवा मक्याच्या पिठाची पुरचुंडी फिरवावी. त्यानंतर मंद वाळणाऱ्या पारदर्शक शाईने ठसा उमटवून पावडर पसरावी, कागद उभा धरून मागून टिचकी मारावी आणि उरलेले कण कोरड्या बारीक कुंचल्याने, उष्णता देण्याआधीच, काढून टाकावेत. एकदा वितळलेला कण निघत नाही.

हीट गन आधी थोडी तापू द्यावी आणि कागदापासून अंतर राखून फिरवत ठेवावी. पावडर वितळली की तिच्यावर ओली चमक येते आणि त्याच क्षणी पुढे सरकावे. जास्त उष्णता दिली तर पावडर कागदात शिरते, नक्षीचा उठाव जातो आणि तिथे तेलकट डाग दिसू लागतो.

त्यानंतर शाई स्पंजने द्यावी: स्पंज प्रथम कागदाबाहेरच्या रद्दीवर टेकवून तिथूनच गोलाकार फिरवत आत आणला तर ठळक डाग पडत नाही. शेवटी मऊ कापडाने नक्षीवरची शाई पुसली की खालचा पांढरा कागद उजळून येतो. बाटिकमध्ये (मेण लावून कापड रंगवण्याच्या पद्धतीत) मेण जे काम करते तेच इथे पावडर करते, आणि साम्य इथेच थांबत नाही: वर साधा कोरा कागद ठेवून गरम इस्त्री फिरवली, तर वितळलेली पावडर त्या कागदात शोषली जाते आणि सपाट, पांढरी नक्षी मागे राहते. मला स्वतःला हीच पद्धत अधिक आवडते, कारण त्या सपाट नक्षीवर पुढचा ठसा सहज उमटतो.

कोराकागद

कागदाविषयी थोडे. पाण्याने तंतू फुगतात आणि एकच बाजू ओली झाली की कागद वाकतो. पाणी वापरायचेच असेल तर ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद घ्यावा; बारीक रेषांचे ठसे असतील तर त्यातला गुळगुळीत प्रकार घ्यावा, खरखरीत नको. वाकलेला कागद मागून हलका ओलसर करून वजनाखाली वाळवला की बराच सरळ होतो. शक्यतो पार्श्वभूमी सुट्या कागदावर, हव्या त्या मापापेक्षा मोठी करावी आणि नंतर कापून शुभेच्छापत्रावर चिकटवावी. त्यामुळे ठसे कडेबाहेर मोकळेपणाने जाऊ देता येतात आणि नक्षी चौकटीत कोंबल्यासारखी दिसत नाही.

मांडणीत आधी मोठे ठसे दूरदूर उमटवावेत, दर वेळी दिशा बदलावी, मग मध्यम आकार आणि शेवटी रिकाम्या जागी ठिपके. शाई लावलेला ठसा एकदा रद्दीवर आणि पुन्हा शाई न लावता कागदावर उमटवला तर त्याच रंगाची फिकी छटा मिळते. एकाच पॅडमधून दोन छटा मिळतात आणि खोलीचा भास तयार होतो. पूर्ण कागदभर नक्षी असलेला मोठा ठसा मात्र वरून दाबू नये. तो नक्षी वर करून ठेवावा, पॅडने त्याच्यावर शाई लावावी आणि कागद वरून पसरून हाताने किंवा रबरी रोलरने दाबावा.

रेघोटी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कृष्णधवल छायाचित्राची युक्ती लगेच करून पाहिली आणि सगळा कागद खरोखरच एकाच राखाडी छटेचा दिसला. एक उपप्रश्न आहे: पार्श्वभूमी आधीच तयार असेल आणि ती मध्यम छटेचीच असेल, तर मजकुरासाठी काय करावे?

शाईदौत

तिच्यावर थेट छापू नये. मजकूर वेगळ्या पांढऱ्या पट्टीवर उमटवून ती पट्टी फोमच्या चिकट तुकड्यांवर किंचित उचलून लावावी, म्हणजे तिची सावली पडून नक्षी मागे सरते. पुढच्या वेळी मात्र ठसे उमटवण्याआधीच मजकुराच्या जागेवर हलक्या गोंदाची कागदी चिठ्ठी चिकटवून ठेवा आणि तिच्यावरून बिनधास्त छापा. चिठ्ठी काढल्यावर स्वच्छ पांढरी चौकट आयती मिळते.