जर्मनीवाल्या पोस्टला उत्तर : नर्सिंगला ८ लाख घालावेत का?

डिचोलीकर
परवा इथे एकाने टाकलं होतं की बारावी सायन्स झालेल्या गोव्यातल्या प्रत्येक मुलीने डोळे मिटून बीएस्सी नर्सिंग करावं, चार वर्षांत जर्मनी, महिना अडीच लाख. खाली सगळे "एकदम बरोबर" करून मोकळे. ती पोस्ट आमच्या घरच्या ग्रुपवर पण येऊन पडली, आणि पुतणी यंदा बारावीला असल्यामुळे आता रोज जेवताना जर्मनी. म्हणून जरा लांब लिहितो.

बांबोळीच्या सरकारी इन्स्टिट्यूटमध्ये सीट लागली तर प्रश्नच नाही, घ्या आणि गप बसा. पण तिथल्या सीटा किती आणि अर्ज किती. उरलेल्यांना मग बेळगाव, मंगळूर, बंगळूर दाखवतात. आम्ही एका कॉलेजात जाऊन आलो, नाव घेत नाही. माहितीपत्रकात फक्त ट्यूशन फी. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, परीक्षा फी, पोस्टिंगला न्यायच्या बसचे पैसे, हे सगळं काउंटरवर बसल्यावर कळतं. चार वर्षांचे ८ लाख झाले. बँकेचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी धरलं तर हप्ता साडेदहा हजार. आणि इथे फ्रेशर नर्सला किती देता म्हणून दोन नर्सिंग होममध्ये विचारलं तर १४-१५ हजार. हप्ता भरून उरतं ते पेट्रोलला.

राहिली जर्मनी. बी-टू पातळीची जर्मन लागते, म्हणजे कामावर नीट बोलता-लिहिता येण्याइतकी, नुसतं गुटन मॉर्गन नाही. ते शिकायला वर्ष-दीड वर्ष, क्लासची फी वेगळी. तिथे पोचल्यावर इथल्या डिग्रीला मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम, पगारही तसाच. मग जो पूर्ण पगार त्यातला साधारण तिसरा हिस्सा कर आणि विम्यात, वर घरभाडं. अडीच लाख हा आकडा कापाकापीच्या आधीचा आहे हे त्या पोस्टवाल्याने का नाही लिहिलं?

रात्रपाळी
काका, हिशोब छान मांडलात. फक्त एक सांगा, दुसरी कुठली डिग्री आहे जी ८ लाखात होते आणि पोरगी घरी बसत नाही? माझा सख्खा भाऊ मेकॅनिकल इंजिनियर, वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत कंत्राटावर, दर काही महिन्यांनी ब्रेक देऊन परत घेतात. चुलतबहीण बीकॉम, कॅसिनोत टेबलावर. मी साधं जीएनएम केलं, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचा, ते पण सायन्स नसताना, आणि आज सरकारी नोकरीत आहे. केंद्राच्या हॉस्पिटलात नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतनच लेव्हल ७, म्हणजे ४४,९०० पासून, त्यावर डीए आणि भत्ते. एम्सची नॉरसेट ही नर्स भरतीची परीक्षा दे म्हणावं पुतणीला. तुम्ही तुलना नर्सिंग होमशी करताय आणि खर्च बंगळूरचा धरताय, मग तोटाच दिसणार ना.

फोंड्याचा बाबल
@डिचोलीकर १५ हजार देतात तर तक्रार करा की. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली होती, तिने स्पष्ट म्हटलंय की ५० खाटांपेक्षा लहान हॉस्पिटलातही पगार २० हजारांच्या खाली नको. २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच द्यायचा. लोकांना हक्क माहीतच नसतात.

सिस्टर_एक्स
@फोंड्याचा बाबल वा. हा कागद घेऊन मी मालकाकडे जाते आणि तो मला चहा पाजतो, हो ना? ती शिफारस आहे हो बाबा, राज्यांनी कायदा करायचा होता.
मी एका लहान हॉस्पिटलात रात्रीला असायचे. वीसेक पेशंट, मी एकटी आणि एक मावशी. तीन नंबरच्या म्हाताऱ्याची शीर सापडत नाही, कॅन्युला दोनदा गेला, पाच नंबरची ड्रिप संपत आलीय, आणि खाली रिसेप्शनला कोणी नाही म्हणून फोन पण मीच उचलायचा. सकाळी हँडओव्हर देताना इंचार्ज विचारणार चार्ट का अर्धा. बदली आली नाही तर तशीच डबल ड्यूटी. नोकरी सोडते म्हटलं तर ओरिजिनल सर्टिफिकेट कपाटात ठेवलेली, बाँड भर म्हणे. बाँड घेऊ नका असं नर्सिंग कौन्सिलनेच सांगितलंय, पण कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. आणि गणेश चवथीला आजपर्यंत एकदाच ऑफ मिळालाय.

रात्रपाळी
@सिस्टर_एक्स हे खरं आहे, मी पण त्यातून गेलेय. पण ती दोन वर्षं काढल्याशिवाय गल्फवाले उभे करत नाहीत. अनुभव, मग प्रोमेट्रिक ही त्यांची लायसन्सची परीक्षा, मग डेटाफ्लो म्हणजे कागदपत्रांची पडताळणी. तो पगार नाही, ती पुढची फी समजायची.

डिचोलीकर
@रात्रपाळी म्हणजे ८ लाख अधिक दोन वर्षं फुकट राबणं. धन्यवाद, माझाच मुद्दा झाला.

मोपाशेजारी
तुम्ही सगळे उगाच डोकं शिणवताय. आजोबा १९ डिसेंबर ६१ च्या आधी गोव्यात जन्मलेत ना? लिस्बनला जन्मनोंद करा, पोर्तुगीज पासपोर्ट काढा, पोरगीला नर्सिंग द्या आणि पाठवा इंग्लंडला. आमच्या वाड्यावरचे निम्मे तिकडच्या स्विंडन शहरात आहेत.

फोंड्याचा बाबल
@मोपाशेजारी कुठल्या जमान्यात आहात? ब्रेक्झिट झालं. ३१ डिसेंबर २०२० ला ती वाट बंद. आता पोर्तुगीज पासपोर्टवाल्यालाही तिकडे व्हिसा लागतो.

मोपाशेजारी
माझा मेहुणा आहे तिकडे, तुम्ही मला शिकवू नका.

सिस्टर_एक्स
मेहुणा आधी गेला असेल, त्याला सेटल्ड स्टेटस, म्हणजे तिथे कायम राहायचा हक्क, मिळालं असेल, तुमच्या पोरीला नाही मिळणार. आणि महत्त्वाचं म्हणजे पासपोर्ट माणसाचा असतो, डिग्रीचा नाही. पासपोर्ट लाल झाला म्हणून बंगळूरची डिग्री युरोपची होत नाही. इंग्लंडला ओईटी किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावीच लागते, वर सीबीटी ही कॉम्प्युटरवरची, मग तिकडे ऑस्की ही प्रात्यक्षिकाची. पोर्तुगीज असो की पणजीकर.

मोपाशेजारी
मग वेअरहाऊसमध्ये पेटी उचलेल. तरी इथल्या १५ हजारापेक्षा जास्त.

रात्रपाळी
चार वर्षं नर्सिंग शिकून पेट्या? बरे आहात ना?

सावईवेरेकर
पासपोर्टचा विषय निघालाच आहे तर ऐका. माझ्या चुलत्याने स्वतःची आणि पोरगीची नोंद करून घेतली, एजंटला दिलेल्या पैशात आमचं घराचं छप्पर झालं असतं. पुढे इथला पासपोर्ट गेला, मतदार यादीतलं नाव गेलं. ओसीआयवर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डावर, राहतोय. शेतजमीन विकत घ्यायची म्हटलं तर येत नाही. पोरगी नर्स, सरकारी जागा निघाली तेव्हा कळलं की नागरिकत्वच नाही तर अर्ज कुठला. गोवा मुक्तीसाठी ज्याचे वडील तुरुंगात गेले त्याने लिस्बनमध्ये नाव नोंदवलं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मोपाशेजारी
मुक्ती-बिक्ती भाषणात ठीक आहे. सरकारी नोकरीचा तुमचा दर काय होता ते २०२४ मध्ये सगळ्या गोव्याने पेपरात वाचलंय. पैसे घेऊन नोकऱ्या विकणारे पकडले गेले तेव्हा देशप्रेम कुठे होतं?

सावईवेरेकर
चोर पकडले म्हणजे सगळे चोर? माझी भाची स्टाफ सिलेक्शन कमिशनची कॉम्प्युटरवरची परीक्षा देऊन लागलीय, एक रुपया न देता. तोंड सांभाळून बोला.

फोंड्याचा बाबल
अहो नर्सिंगवर या. जर्मनीसाठी मात्र त्या पासपोर्टचा उपयोग आहे, युरोपियन युनियनमध्ये व्हिसा, वर्क परमिट काही लागत नाही. भाषा आणि मान्यता मात्र चुकत नाही.

मोपाशेजारी
हेच तर मी मघापासून सांगतोय.

सिस्टर_एक्स
तुम्ही इंग्लंड सांगत होता. पण ठीक आहे, जर्मनीपुरतं घ्या, तुमचं खरं. आता तरी झोपा.

डिचोलीकर
आमच्या घरात कोणी लाल पासपोर्ट काढणार नाही, विषय बंद. @रात्रपाळी ताई, एक मान्य की बीकॉमपेक्षा हे बरं. पण मग ८ लाखाचं बीएस्सीच कशाला? तुमच्यासारखं जीएनएम का नको?

रात्रपाळी
शेवटी विचारलंत. स्टाफ नर्सच्या बहुतेक जागांना दोन्ही चालतात. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून बीएस्सी होता येतं, नोकरी करत पैसे जमवून. बीएस्सीचा फायदा बाहेर जाताना, शिकवायला जायचं असेल तेव्हा आणि एमएस्सीला. सरळ बाहेरच जायचं नक्की असेल तर बीएस्सीच करा. नसेल तर उगाच कर्ज घेऊ नका. आणि कर्जच घ्यायचं तर आधी गोव्याच्या शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी योजनेचं बघा, तुम्ही थेट बँकेचे दहा टक्के धरलेत. आधी कॉलेजची मान्यता बघा, राज्य कौन्सिलची आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलची, दोन्हीकडची, नाहीतर इथे परत येऊन रजिस्ट्रेशनला रडाल.

डिचोलीकर
बिनव्याजी असलं तरी ८ लाखाचे ८ लाखच फेडायचे. पण बरं, व्याजाचं मानलं.

थर्ड_इयर
मी बेळगावला थर्ड इयरला आहे, दोन दिवस हे वाचतेय. सगळे काका आम्हाला जर्मनीला पाठवतायत नाहीतर पाठवत नाहीयेत. पहिल्या वर्षी आमच्या बॅचमधल्या मुली सोडून गेल्या त्या पैशामुळे नाही, पहिलं बेडपॅन आणि पहिली बॉडी बघून गेल्या. भरलेली फी परत मिळाली नाही. पुतणीला आधी कुठल्यातरी वॉर्डात दोन दिवस बसवा, मग हप्ते काढा.
आणि एजंट "जर्मनी पॅकेज" म्हणून लाखांत मागेल तर देऊ नका. परदेशी नोकरीसाठी रजिस्टर्ड एजंटला उमेदवाराकडून ३० हजार आणि जीएसटी एवढंच घेता येतं. आमच्या सीनियरने तीन लाख दिलेत, ती अजून बी-वनलाच आहे.

फोंड्याचा बाबल
@थर्ड_इयर त्या सीनियरला म्हणावं पावती आहे का? असेल तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीच्या केंद्राच्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करता येते.

थर्ड_इयर
पावतीवर "ट्रेनिंग फी" लिहिलंय.

सिस्टर_एक्स
झालं मग.

मोपाशेजारी
@डिचोलीकर पुतणीचं स्वतःचं काय म्हणणं आहे ते कोणी विचारलं का?

डिचोलीकर
विचारलं. तिला फिजिओ करायचंय. त्याची फी बघितली का कोणी?