अनुभव धागा: धुंधुरमासाची पहाट आणि मनिलाची सिंबांग गाबी

आरस्पानी

आज पहाटे सासूबाईंनी धुंधुरमासाचा स्वयंपाक केला. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, लेकुरवाळी भाजी. उजाडायच्या आत नैवेद्य दाखवून पानावर बसलो आणि पहिल्याच घासाला मला मनिला आठवलं.

२०१२ ते २०१५ आम्ही मनिलाला लागून असलेल्या मंडालुयोंगला होतो. शेजारच्या बाईंना सगळा मजला 'आते' म्हणायचा. आते म्हणजे मोठी बहीण, पण माझ्या कानाला ते आत्यासारखंच लागायचं आणि तशाच होत्या त्या. पहिल्याच डिसेंबरात, १६ तारखेला, पहाटे पावणेचारला दारावर टकटक. "चल, सिंबांग गाबी." मी म्हटलं, अहो मी ख्रिश्चन नाही. त्या म्हणाल्या, "थंडी आहे, शाल घे." बास, एवढंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १६ ते २४ डिसेंबर, सलग नऊ पहाटा चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना असते. स्पॅनिश काळापासूनची रीत. शेतकऱ्यांना उजाडल्यावर शेतावर जायचं असायचं म्हणून इतक्या लवकर. आता शेतकऱ्यांच्या जागी कॉल सेंटरमधून सुटलेली पोरं, गणवेशातले सुरक्षारक्षक, कडेवर झोपलेली लेकरं. चर्च भरून माणसं रस्त्यावर उभी. आणि बाहेर पडलं की बिबिंका! तांदळाचं पीठ नि नारळाचं दूध, मातीच्या भांड्यात केळीच्या पानावर ओतायचं, खाली निखारे, झाकणावरही निखारे. वरून लोणी आणि किसलेलं खोबरं. शेजारच्या गाडीवर पुतो बुंबोंग, जांभळ्या तांदळाचं, बांबूच्या नळीत वाफवलेलं. हातात घेऊन फुंकत फुंकत घरी यायचं, तेव्हा कुठे तांबडं फुटत असायचं.

नऊच्या नऊ पहाटा केल्या तर मनातली इच्छा पूर्ण होते म्हणतात. २०१४ ला मी आठ केल्या. बाबांच्या बायपासची तारीख आली म्हणून २३ च्या रात्रीच सांगलीला निघावं लागलं. २४ ला हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते, तर आतेंचा मेसेज. "लेकीला तुझ्या जागी उभं केलं. तुझा नववा दिवस भरला."

बाबा आज ७६ चे आहेत. आतेंचा नंबर मात्र फोन बदलताना गेला. खिचडी खाताना तेच डोक्यात होतं.

फिलिपिनो शेजारी, सहकारी, त्यांचे सण, खाणं, काहीही आठवत असेल तर लिहा ना. वाचायचंय.

कोकणकडा

खाली निखारे वर निखारे म्हणजे आमचं धोंडस! आजी काकडीचं करायची, पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून. आणि केळीच्या पानात तांदळाचं पीठ म्हणजे पानगी. बिबिंका नाव गोव्यातल्या बिबिंकशी जुळतं, पण तो थराथरांचा, अंड्यांचा. हा प्रकार वेगळा दिसतोय.

शेवट वाचून डोळे भरले गं.

डेकवरचा

जहाजावर आहे, नेट आलंय तोवर लिहून घेतो.

आम्ही २२ जण, १६ फिलिपिनो. १ सप्टेंबरला सकाळी मेसमध्ये ख्रिसमसची गाणी सुरू. सप्टेंबर! नावात शेवटी 'बर' असलेला महिना लागला की त्यांचा ख्रिसमस चालू. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, चार महिने. पहिल्या वर्षी मला वाटलं कुणाची तरी चेष्टा चाललीय.

२४ च्या रात्री बारा वाजता नोचे बुएना, म्हणजे मध्यरात्रीचं जेवण. डेकवर अर्ध्या कापलेल्या तेलाच्या पिंपात कोळसे, त्यावर अख्खं डुक्कर, लेचोन. पहाटेपासून आळीपाळीने फिरवत बसतात. मी शाकाहारी, तर चीफ कुकने माझ्यासाठी वेगळी कढई ठेवून पान्सित केलं. शेवयांसारखं असतं. लांब शेवया म्हणजे लांब आयुष्य, म्हणून वाढदिवसाला पण तेच. शेवया तोडायच्या नाहीत हे मला तीनदा बजावलं.

बोसनने (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) पुठ्ठा आणि रंगीत प्लॅस्टिकचा पारोल केला होता, पाच टोकांची चांदणी, आत बल्ब. अगदी आपला आकाशकंदील. तो लावला तेव्हा त्याने घरी व्हिडिओ कॉल करून सहा महिन्यांच्या लेकीला दाखवला. तिला त्याने अजून हातात घेतलेलं नव्हतं. सगळे गप्प झाले. मग कुणीतरी कराओके लावला.

बाकी नंतर. वॉच आहे.

टिंग्या

@डेकवरचा, जहाजावर ताबो असतो का? 😄

डेकवरचा

असतोच! प्रत्येकाच्या केबिनमध्ये. इतरांसाठी लिहितो, ताबो म्हणजे बाथरूममधला आपला मग. कागदावर न भागणारी जगात आपण दोनच माणसं असं आमचा सेकंड इंजिनिअर म्हणतो. माझा मग फुटला तर बोसनने स्वतःचा जास्तीचा दिला. यापेक्षा मोठी मैत्री काय असते.

लासलगावकर

माझा तिकडं जाण्याचा काय संबंध नाय, पण एक माहिती. तिकडं मोठ्या कांद्याला 'सिबुयास बॉम्बे' म्हणतात. आपल्या मुंबईवरून. २०२२ च्या डिसेंबरात तिथं कांदा किलोला ७०० पेसोंच्या घरात गेला होता. म्हंजे हजार रुपये. इलोइलोत एका नवरीनं फुलांच्या जागी कांद्याचा गुच्छ धरून लग्न केलं. आणि पुढच्याच फेब्रुवारीत आमच्याकडं कांदा मातीमोल, काहींनी उभ्या पिकात रोटर घातला. मोबाईलवर त्या नवरीचा फोटो बघून आमचा म्हातारा कितीतरी वेळ बोललाच नाही.

आरस्पानी

@लासलगावकर दादा, खरं आहे. त्या वेळी आम्ही परत आलो होतो, पण तिथल्या मैत्रिणी कांदा मोजून वापरत होत्या. दोन्हीकडचं वाचून जीव तुटतो.

'बॉम्बे'वरून आठवलं, तिथे सगळ्याच भारतीयांना 'बुंबाय' म्हणतात. मोटरसायकलवरून दारोदार व्याजी पैसे देणारे लोक बहुतेक पंजाबी, पण नाव आपल्या मुंबईचं. पोरांना झोपवताना आया 'बुंबाय नेईल हं' म्हणतात. आतेंनी मला पहिल्या दिवशी विचारलं, बुंबाय का? मी म्हटलं नाही, सांगली. त्यानंतर त्यांनी मला कुणापुढेही बुंबाय म्हणू दिलं नाही.

नाइटशिफ्ट

मनिलाजवळच्या मकातीत चार वर्षं काढली. सणावर बोलायचं तर मी आधी तेराव्या पगारावर बोलणार. आपल्याकडे दिवाळी बोनससाठी मालकाच्या तोंडाकडे बघावं लागतं. तिथे १९७५ पासून कायदाच आहे, २४ डिसेंबरच्या आत तेरावा महिना हातात पडलाच पाहिजे. वॉचमनला पण, दुकानातल्या मुलीला पण. आपल्याकडे हे का होऊ नये हा प्रश्न मी दर दिवाळीला विचारतो.

सुट्ट्या दोन जातींच्या. 'रेग्युलर'ला काम केलं तर दुप्पट पगार, घरी बसलं तरी पगार. 'स्पेशल'ला काम केलं तर ३० टक्के जास्त, नाही केलं तर नाही. त्यामुळे नवीन यादी आली की आमचा अख्खा फ्लोअर रमजान ईद, ९ एप्रिल, १२ जून वगैरे कुठल्या वारी येतंय ते बघायचा. ईद रेग्युलरमध्ये आहे तिथे.

१२ जून म्हणजे १८९८ साली कावितला स्वातंत्र्याची घोषणा झाली तो. अमेरिकेने दिलेलं स्वातंत्र्य ४ जुलै १९४६ चं, आधी तेच साजरं व्हायचं. १९६२ ला राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांनी दिवस बदलला. दुसऱ्याने दिलेल्या तारखेपेक्षा आपण जाहीर केलेली तारीख आपली. मला हे फार आवडतं.

मीनामावशी

नातीला सांभाळायला सिंगापूरला होते आठ महिने. लेकाकडे कामाला इलोइलोची मुलगी होती. तिच्या खोलीत कोपऱ्यात एक मोठ्ठं खोकं. दर पगाराला त्यात भर. साबण, चॉकलेटं, टूथपेस्ट, पोरांचे बूट, डबाबंद मटण. बालिकबायान बॉक्स म्हणतात. खोक्याला पैसे, वजनाला नाही, म्हणून मोज्यांतसुद्धा गोळ्या भरायची. ऑगस्ट-सप्टेंबरात बोटीने रवाना, म्हणजे ख्रिसमसपर्यंत पोचतं. मी तिच्या मुलीसाठी खणाचा परकर-पोलका शिवून टाकला त्यात. जानेवारीत फोटो आला, पोर तो घालून शाळेत गेलेली.

रविवारी ती लकी प्लाझाला जायची, तिथे सगळ्या जमतात. परत आली की माझ्यासाठी काहीतरी आणणारच. पासालुबोंग म्हणे. म्हटलं अगं हा आमचा खाऊ. बाहेरून येताना रिकाम्या हाताने यायचं नाही.

जाताना माझा हात घेऊन कपाळाला लावला. मानो करतात ते. मला तर वाटलं वाकून नमस्कारच केलान्.

अबोली

मावशी 🙏 खणाचा परकर वाचून रडू आलं.

(अवांतर: मेमध्ये तिकडच्या बोहोल बेटावर जायचं ठरतंय, व्हिसा लागतो का कुणाला माहितीये?)

नाइटशिफ्ट

@अबोली जून २०२५ पासून भारतीयांना १४ दिवसांच्या पर्यटनाला लागत नाही. निघायच्या आधी एकदा तपासून घ्या. आणि पुढेमागे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात जायचं ठरलं तर गुरुवार-शुक्रवार मनिलात काही उघडं नसेल असं धरून चाला. मॉलसुद्धा बंद. एरवी तासाला चार किलोमीटर सरकणारा रस्ता त्या शुक्रवारी रिकामा असतो.

वसईवाला

आरस्पानीताई, आमच्याकडे वसईत पण नाताळच्या आधी नऊ दिवसांचा नोव्हेना असतो. पण पहाटे उठून जाणारी ही माणसं मी दुबईत पाहिली. पाहिली म्हणजे तिथे ते पहाटे नसतं, लोक कामावर. ऊद मेथाच्या सेंट मेरीजमध्ये संध्याकाळी ठेवतात. आवारात पाय ठेवायला जागा नाही. माझा टीम लीडर सिंबांग गाबीचे नऊ दिवस लंच ब्रेकमध्ये काम करायचा, संध्याकाळी लवकर सुटावं म्हणून. मी त्याच्याबरोबर गेलो तर कोकणी, मल्याळी, तगालोग, सगळ्यांची गर्दी एकात एक. बाहेर एका बाईने पिशवीतून डबा काढला, घरी ओव्हनमध्ये केलेली बिबिंका. निखारे कुठून आणणार. पण केळीचं पान लावलं होतं तिने, कुठून मिळवलं देव जाणे.

डबा उघडून तिने पहिल्यांदा काय केलं? आजूबाजूच्या अनोळखी लोकांना "काइन तायो". या, खाऊया. आमची आई वाटेने जाणाऱ्याला 'या जेवायला' म्हणते तसंच.

दवाओची_डॉक्टर

दवाओला एमडीचं शिक्षण घेतलं, आमच्या बॅचला नगर, लातूर, जळगावच्या पुष्कळ मुली. घाईत लिहितेय, ओपीडी सुरू होईल.

३१ डिसेंबर! घरमालकीणबाईंनी टेबलावर बारा गोल फळं मांडली. गोल म्हणजे पैसा. टरबूज, संत्री, द्राक्षं, काय वाट्टेल ते, पण गोल. स्वतः ठिपक्याठिपक्यांचा झगा. खिशात नाणी ठेवायला लावली आम्हाला. बाराच्या ठोक्याला सगळ्यांनी उड्या मारायच्या, उंची वाढते. दवाओत फटाक्यांना बंदी, म्हणून सगळा गाव तोरोतोत वाजवतो, पुठ्ठ्याचे भोंगे. आमची लातूरची रूममेट पाच फुटांच्या आतली, ती सगळ्यांत उंच उडाली. 😂

आणि १ नोव्हेंबर, उंदास. आपल्याकडे सर्वपित्रीला घास ठेवून आपण लांबून कावळ्याची वाट बघतो. तिथे सगळं घर दफनभूमीत जातं, चटया, पान्सितची परात, गिटार, पत्ते. रात्रभर. लहान मुलं मेणबत्त्यांचं वितळलेलं मेण गोळा करून त्याचे लाडू वळतात. मालकीणबाईंच्या नवऱ्याच्या थडग्यावर त्यांनी आमची ओळख करून दिली. एकेकीचं नाव घेऊन. "ही भारताची, ही पण भारताची, अभ्यास चांगला करतात." त्या वर्षी माझे आजोबा गेले होते आणि मला जाता आलं नव्हतं. मी तिथे एक मेणबत्ती आजोबांची लावली. त्यांनी विचारलंसुद्धा नाही कुणाची.

दवाओची_डॉक्टर

परत आले. भाषेचं राहिलं. गुरो म्हणजे शिक्षक, मुखा म्हणजे चेहरा, आसा म्हणजे आशा. पहिल्या आठवड्यात हे ऐकून इतका धीर आला होता. आणि दुखा म्हणजे गरीब, दुःखावरून.

३० डिसेंबरची सुट्टी होसे रिझाल यांची. १८९६ ला स्पॅनिश सरकारने गोळ्या घातल्या, वय ३५. लेखक म्हणून सगळे ओळखतात, पण ते डोळ्यांचे डॉक्टर होते, स्वतःच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यांनी केलं. मी आज नेत्ररोगातच आहे.

टिंग्या

पोळ्यासारखं काही आहे का तिकडे? सहज विचारतोय. आमच्या वर्ध्याकडे बैल कमी झाले पण पोळा जोरात असते.

नाइटशिफ्ट

@टिंग्या आहे! बुलाकानमध्ये पुलिलानला, १४ मेला. शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो, त्याच्या सणाला रेडे सजवून मिरवतात आणि चर्चसमोर आले की ते पुढचे गुडघे टेकतात. दुसऱ्या दिवशी लुकबानला घराघरांवर तांदळाच्या रंगीत पातळ पापड्यांची तोरणं, किपिंग म्हणतात. भाज्या, पेंढ्या, सगळं पीक दर्शनी भिंतीवर. मी दोन्ही एकाच फेरीत केलं. रेडा गुडघे टेकतो तेव्हा त्याचा मालक त्याच्या कानात काहीतरी बोलतो, ते बघण्यासारखं असतं.

टिंग्या

कानात बोलतात म्हणजे आपल्यासारखंच. आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.

आरस्पानी

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. आज २४. काल रात्री मंडालुयोंगच्या जुन्या ग्रुपमधल्या एकीला शोधून काढलं, तिच्याकडून आतेंचा नंबर मिळाला. मेसेज टाकला, धाकधूक होती. दहा मिनिटांत उत्तर. कशी आहेस नाही, कुठे होतीस नाही. "कुमाइन का ना?" जेवलीस का?

मग मी आज पहाटे घाट घातला. बिडाची कढई, केळीचं पान, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, गूळ. कोकणकडा म्हणाली तसे झाकणावर निखारे, सासूबाईंनी शेगडी पेटवून दिली. वरून छान फुगली, खाली पान चिकटलं आणि करपलं. फोटो पाठवला. आतेंनी मोठा करून बघितला असणार, कारण लगेच प्रश्न: "पान आधी शेकून घेतलंस का?"

कोकणकडा

शेकायलाच हवं. कच्चं पान फाटतं पण.

अबोली

शेकायचं म्हणजे थेट गॅसवर की तव्यावर?